वाचून दाखवणारी वहिनी

आपल्या नणंदेला वाचता येत नाही, हे वहिनीला लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं. तेही कुणी सांगून नाही. दुपारची वेळ, सासूबाई आत पडलेल्या, आणि एकोणीस वर्षांची ती मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चार कागद मांडीवर घेऊन रडत बसलेली. वहिनीला वाटलं, प्रेमभंग. नव्या नवरीला दुसरं काय सुचणार? जवळ जाऊन बघते तर कागदांवर सिनेमातले संवाद टाईप केलेले. गर्दीत उभं राहायची कामं करता करता वन्संना पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं होतं. नायकाच्या बहिणीचं, कोर्टातल्या एका प्रवेशाचं, चार पानांचं. परवा शूटिंग होतं.

"मग रडताय कशाला? पाठ करा की," वहिनी म्हणाली.

"कशावरून करू?" असं म्हणून वन्संनी कागद पालथे घालून मांडीवर दाबून धरले. जशी काही अक्षरं उठून पळणार होती.

झालं होतं असं, की सासरे एका फिरत्या नाटक कंपनीत दिवाबत्तीचं काम बघायचे आणि सासूबाई कंपनीचा स्वयंपाक. आज या गावात, पंधरा दिवसांनी त्या गावात. मुलाचं शिक्षण बुडायला नको म्हणून त्याला मामाकडे ठेवलं. मुलीला बरोबर नेलं, कारण मुलगी. ती विंगेत वाढली. ऐकून ऐकून तिला पाच नाटकं तोंडपाठ झाली, पण शाळेचं तोंड तिने पाहिलं ते बाहेरूनच. सही तेवढी यायची. तीही भावाने चित्र काढायला शिकवावं तशी शिकवलेली.

वहिनी प्राथमिक शिक्षिकेचं ट्रेनिंग करून आलेली होती. तिने कंबर कसली, दार लोटलं आणि चारही पानं वाचून दाखवली. एकदा सरळ, एकदा हावभाव करून. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी अख्खा प्रवेश म्हणून दाखवला, काना-मात्रेचा फरक नाही.

"एकच सांग," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या पानावर तू खोकलीस, तिथे मी पण खोकू का?"

वहिनी इतकी हसली की सासूबाई उठून बाहेर आल्या.

शूटिंगच्या दिवशी सोबत म्हणून वहिनीला पाठवलं. दिग्दर्शक म्हातारा आणि तिखट होता. पोरीचा प्रवेश एका दमात झाला तेव्हा तो म्हणाला, "वाक्य कुठे तोडायचं ते कुणी शिकवलं हिला?" वन्संनी बोट दाखवलं. म्हातारा वहिनीकडे वळला, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही येत चला."

एवढंच. पण वहिनीला त्याआधी आयुष्यात कुणी 'येत चला' म्हटलं नव्हतं. माहेरी ती पाच बहिणींतली चौथी, म्हणजे धड पहिली नाही की शेवटची नाही. सासरी स्वयंपाकात बेताची, शिवणात त्याहून बेताची. पुढच्याच महिन्यात शाळेतून रुजू होण्याचं पत्र आलं. नवरा स्टुडिओत इलेक्ट्रिशियन होता, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, "तुझं तू ठरव बाई, मला दोन्हीतलं काही कळत नाही." वहिनीने पत्राला उत्तर पाठवलं नाही.

अशी बारा वर्षं गेली.

वन्सं मोठ्या नटी झाल्या असं म्हणवत नाही. पोस्टरवर त्यांचा चेहरा असायचा, पण डाव्या कोपऱ्यात. नायिकेची मोठी बहीण, वकिलाची बायको, एकदा वेडी, दोनदा विधवा. काम मात्र चोख. "एका टेकची बाई" म्हणायचे त्यांना. निर्मात्यांना असल्या नट्या फार आवडतात, कारण फिल्म वाचते. मेकअपच्या खोलीत आरशासमोर वन्सं डोळे मिटून बसायच्या आणि शेजारच्या लोखंडी खुर्चीवर वहिनी हळू आवाजात वाचायची. दिव्यांच्या उष्णतेने दोघींना घाम फुटायचा. बाहेर सगळ्यांना सांगितलेलं होतं, मॅडमच्या डोळ्यांना त्रास आहे, बारीक अक्षर सोसत नाही. त्या सोंगासाठी एक जाड काड्यांचा चष्मा घेतला होता, नंबर शून्य. वहिनी सारखी "वन्सं, ऐका", "वन्सं, चहा" असं म्हणायची, तर सेटवरच्या लोकांना वाटलं ते त्यांचं लाडाचं नावच आहे. दिवेवाले, रंगवाले, गाडीवाला, सगळे त्यांना बिनदिक्कत "वन्संमॅडम" म्हणू लागले. अख्ख्या स्टुडिओची नणंद झाल्या त्या.

लग्न त्यांनी केलं नाही. 'केलं नाही' असं त्या म्हणायच्या, 'जमलं नाही' असं त्यांचा भाऊ म्हणायचा. एक होता, आवाज मुद्रित करणारा. अबोल माणूस. दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचा आणि स्वतःला काही बोलायचं असलं की चिठ्ठी लिहायचा. त्या चिठ्ठ्या वहिनीनेच वाचून दाखवायच्या. आता प्रेमपत्र भावजयीच्या तोंडून ऐकायचं म्हणजे निम्मं प्रेम तिथेच सांडतं. दोघी हसत सुटायच्या. उत्तरंही वहिनीच लिहायची. एके दिवशी त्या माणसाने सेटवर वहिनीला कपड्यांची यादी लिहिताना पाहिलं. अक्षर ओळखलं. त्याला वाटलं, नणंद-भावजयांनी मिळून आपली थट्टा मांडली. तो दुसऱ्या स्टुडिओत निघून गेला. "जाऊ दे, चांगलं झालं," वन्सं म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना एका शॉटला तीन टेक लागले.

खरी गोष्ट सांगायची ती त्यानंतरची.

वन्संचा पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. एव्हाना त्या वेगळ्या राहत होत्या, त्या भावाच्या घरी येऊन राहिल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकली. वहिनीची लेक तेव्हा सहा वर्षांची, नुकती शाळेत जाऊ लागलेली. आई तिला रोज संध्याकाळी कॉटशेजारच्या टेबलावर बसवून वाचायला शिकवायची आणि आत्या पडल्या पडल्या ऐकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी आत्या उशीला टेकून बसली. आठव्या दिवशी म्हणाली, "वहिनी, मलाही शिकव की. नाहीतरी काय करतेय मी, छताकडे बघत बसतेय."

वहिनी म्हणाली, "त्यात काय, बसा."

मग एका पाटीवर दोघी. लेकीला तर भलताच आनंद. आपल्यापेक्षा ढ कुणीतरी भेटलं आणि तेही एवढं मोठं माणूस! "आत्या, तो 'ळ' नाही गं, 'छ' आहे. किती वेळा सांगू?" असं ती कमरेवर हात ठेवून म्हणायची. वन्संना घाम फुटायचा, पण चिकाटी दांडगी. वहिनीला शिकवायची कला होती, ती इतकी वर्षं म्यान करून ठेवलेली. तीन आठवड्यांत वन्सं दोन-दोन अक्षरांचे शब्द वाचू लागल्या.

आणि एका सकाळी वहिनी चहा घेऊन आली तर वन्संच्या हातात पुढच्या सिनेमाची पानं होती. एका ओळीवर बोट ठेवून त्या पुटपुटत होत्या. "दा... दार... दार उ... घड. दार उघड!" त्यांनी वर पाहिलं. चेहरा असा फुललेला, की तो तसा पडद्यावर कधी कुणी पाहिला नसेल. "वहिनी! 'दार उघड' आहे ना हे? माझं वाक्य आहे हे! मी वाचलं!"

वहिनी उंबऱ्यातच थांबली.

तिने कप खाली ठेवला. डोळ्यांसमोर काय काय आलं ते तिला पुढे कितीतरी वर्षं जसंच्या तसं आठवायचं. लोखंडी खुर्ची रिकामी. गाडी दारात येते आणि एकाच बाईला घेऊन जाते. म्हातारा दिग्दर्शक 'येत चला' म्हणत नाही. आणि आपण ओट्यापाशी, सासूबाईंच्या नजरेखाली, बेताचा स्वयंपाक करत. शाळेची नोकरी तर केव्हाच हातची गेलेली.

"हो, बरोबर आहे," वहिनी म्हणाली. आणि मग, अगदी सहज बोलावं तशी म्हणाली, "वन्सं, एक सांगू का? जरा बेताने घ्या. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे, मोठेपणी वाचायला शिकलं की पाठांतर जातं. लहान मुलांचं ठीक असतं. मोठ्यांच्या डोक्यात दोन्हीला जागा होत नाही."

असं कुणी, कुठल्याही ट्रेनिंगमध्ये, कधीही सांगितलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर वहिनीला वाटलं, वन्सं हसतील, म्हणतील काहीतरीच काय. पण वन्संच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांच्याजवळ आयुष्यात भांडवल म्हणून एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाठांतर. त्यांनी पानांकडे पाहिलं. मग ती घडी घालून वहिनीच्या हातात दिली.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "आहे तेही जायचं. तूच वाच."

लेकीने दोन दिवस हट्ट केला, आत्या का बसत नाही म्हणून. मग तीही विसरली.

वहिनी वाईट बाई नव्हती. पुढच्या महिन्यात आपण खरं सांगू, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. मग हा सिनेमा होऊ दे, मग तो. खोटं बोलायला एक सकाळ पुरते, पण ते परत घ्यायला मुहूर्त सापडत नाही. दरम्यान वन्संचं पाठांतर खरोखरच वाढत होतं आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "बरं झालं तू वेळेवर सांगितलंस."

पुढे सिनेमे कमी झाले आणि टीव्हीचे दिवस आले. वन्संना एका मालिकेत मोठं काम मिळालं. आता दैवाची थट्टा बघा, काम होतं शाळेच्या मुख्याध्यापिकेचं. कडक, पण आतून मायाळू. मालिका सहा वर्षं चालली. फळ्यावर लिहायचं दृश्य आलं की कॅमेरा जवळ जायचा आणि वन्संची अंगठी घालून, त्याच रंगाची बाही चढवून वहिनीचा हात लिहायचा. "मुख्याध्यापिकाबाईंचं अक्षर काय सुंदर आहे" अशी प्रेक्षकांची पत्रं यायची. तीही वहिनीच वाचून दाखवायची. एका बाईने लिहिलं होतं, तुमच्यामुळे मी माझ्या पोरीची शाळा सोडवली नाही. ते ऐकून वन्संनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "हे परत वाच." वहिनीने परत वाचलं. वाचता वाचता ती मध्येच अडखळली. वन्संना वाटलं, पत्रामुळे.

मालिकेचं काम सिनेमासारखं नसतं. पानं त्याच सकाळी येतात, छपाई यंत्रातून निघालेली, हाताला कोमट लागणारी. केस वाळवायच्या यंत्राच्या घरघरीत वहिनी ओरडून वाचायची आणि वन्सं मान डोलवायच्या. वहिनी सुट्टी घेत नव्हती. ताप आला तरी येत होती. लोकांना वाटायचं, केवढी निष्ठा!

सहाव्या वर्षी वहिनीच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांचं काम आहे. दोघींनी जय्यत तयारी केली. पुढच्या चार भागांची पानं लेखकाच्या मागे लागून आधी मिळवली, वहिनीने ती वाचून दिली आणि मग दवाखान्यात दाखल झाली. ऑपरेशन नीट झालं, पण टाक्यांत पू झाला. दोन दिवसांचे एकोणीस झाले.

त्या एकोणीस दिवसांत मालिकेला नवा दिग्दर्शक आला. तरुण, हुशार, आल्या आल्या सगळं बदलायच्या मागे. पाचव्या दिवशी त्याने सगळ्या नटांना टेबलाभोवती बसवलं, नवी पानं वाटली आणि म्हणाला, एकदा सगळे मिळून वाचू या. प्रत्येकाने आपापलं.

वन्सं म्हणाल्या, "चष्मा विसरलेय. मी नंतर बघते."

मालिकेत त्यांची सून झालेल्या नटीने प्रेमाने स्वतःचा चष्मा पुढे केला. "माझा नंबर वेगळा आहे गं," वन्सं म्हणाल्या. तेवढ्यात मेकअपवाली बाई धावत आली. ती साधी भोळी, मॅडमवर जीव टाकणारी. "मॅडम, हा घ्या, पर्समध्येच होता की! काखेत कळसा आणि गावाला वळसा." सगळे हसले. तिने चष्मा स्वतःच्या हाताने पुसून दिला.

वन्संनी तो चढवला. पान समोर धरलं. टेबलाभोवती अकरा माणसं होती आणि पंख्याचा आवाज. पहिलं अक्षर त्यांना ओळखू आलं असेल, कदाचित दुसरंही. सुनेने हळूच सांगितलं, "आई, तुमचंच वाक्य आहे."

मग वन्सं उठल्या. त्यांनी पान टेबलावर फेकलं आणि मुख्याध्यापिकेच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "असले फालतू संवाद मी म्हणत नाही. ज्याला हवे त्याने म्हणावेत." आणि निघून गेल्या.

वहिनीला हे पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा तिला दिसलं ते एवढंच. वॉर्डातल्या भिंतीवर टीव्ही होता, संध्याकाळी सातला सगळ्या बायका तो लावायच्या. एका संध्याकाळी मालिकेत फोन वाजला, सुनेने उचलला आणि किंचाळली. मुख्याध्यापिकाबाईंची गाडी दरीत कोसळली होती. वन्सं पडद्यावर दिसल्याही नाहीत. शेजारच्या कॉटवरची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "सोन्यासारखी बाई हो! असं कसं मारलं तिला?" वहिनी उठून बसायला गेली आणि तिचा एक टाका तुटला.

घरी आल्यावर तिने विचारलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "मग काय करायचं होतं? गर्विष्ठ म्हणाले तर म्हणू देत. अडाणी म्हणाले असते तर मी मेलेच असते." आणि वर वहिनीचा हात धरून म्हणाल्या, "तू असतीस तर काही झालं नसतं गं. तुझ्याशिवाय माझं कसलं पान हलतंय?"

वहिनीला तोंडात मारल्यासारखं झालं. तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी तिने 'जेवूनच जा' म्हटलं.

'संवाद फेकून देणारी बाई' ही ख्याती वाऱ्यासारखी पसरली. एक-दोघांनी बोलावलं, तेही आधीच हात जोडून, "मॅडम, आमच्याकडे नखरे चालणार नाहीत हं." मग तेही थांबलं. वन्सं तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या वयात नटीला आईची कामं मिळू लागतात आणि ती वीस वर्षं पुरतात. त्यांची ती वीस वर्षं तशीच गेली. स्वतःच्या दोन खोल्यांत राहिल्या, कुंड्या लावल्या, शेजारणीच्या लग्नकार्याला गेल्या. रविवारी भावाकडे यायच्या. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती दूर गेली. सासूबाई गेल्या. मग वहिनीचा नवराही गेला. जाताना कुणावरही रागावला नव्हता, जसा जन्मभर नव्हता.

वन्सं साठीला टेकल्या त्या वर्षीची एक बुधवारची दुपार. बुधवारी त्या कधी यायच्या नाहीत. आल्या, पाणी प्यायल्या, वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग टेबलावरचं गोळ्यांचं पाकीट उचललं, खिडकीपाशी नेलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि म्हणाल्या, "जे...व...णा...नं...तर. जेवणानंतर." त्या वळल्या. "वहिनी, तू ही गोळी जेवणाआधी घेतेस ना?"

वहिनी उभीच राहिली. "कुणी शिकवलं?"

"वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग असतो. एक निवृत्त पोस्टमन शिकवतात. दीड वर्ष जातेय. तोंडाला रंग न लावता गेलं की कुणी ओळखतही नाही." त्या हसल्या. "सहा जणी आहोत. मीच त्यातली जरा हुशार."

"सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करायचं? नाही जमलं असतं तर फजिती." वन्संनी पाकीट जागेवर ठेवलं. "आणि खरं सांगू? मी घाबरले होते. तू म्हणाली होतीस ना, पाठांतर जातं म्हणून. मग मी विचार केला, आता कोण मागतंय माझ्याकडे पाठांतर? काम तर केव्हाच संपलं. जायचं तर जाऊ दे." त्या खुर्चीवर बसल्या. "रोज तपासून बघायचे. वर्गातून आले की कोर्टातला प्रवेश म्हणायचे, तो चार पानांचा. एक शब्द पडला नाही वहिनी. दीड वर्षात एकही नाही. तुमच्या ट्रेनिंगवाल्यांना काही कळत नव्हतं बघ."

आरोप नव्हता त्यात. उलट वहिनीला कुणी फसवलं होतं याची कीवच होती. आणि तेच वहिनीला सोसवलं नाही.

"ट्रेनिंगमध्ये असं कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी सांगितलं. माझ्या मनाचं. तुम्ही 'दार उघड' वाचलंत ना, त्या दिवशी मला भीती वाटली. तुम्ही वाचायला लागलात की माझं काय, असं झालं मला."

वन्संनी गोळ्यांचं पाकीट परत उचलून पालथं ठेवलं. बाहेर कुणीतरी पायपुसणं झटकत होतं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी?"

"हो."

"अगं, मी वाचायला शिकले असते तरी तुलाच वाचायला लावलं असतं. मला तुझ्या आवाजाशिवाय पाठच होत नव्हतं काही. कोर्टाचा प्रवेश म्हणते ना, तोही तुझ्याच आवाजात ऐकू येतो मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "विचारायचं होतंस गं मला. एकदा विचारायचं होतंस."

वहिनी चहा टाकायला वळली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. पाण्याला आधण आलं तोवर वन्सं निघून गेल्या होत्या. दार नीट लावून घेतलेलं होतं.

दोन महिने फोन नाही, रविवार नाही. वहिनी रिकाम्या खोलीत बसून हिशेब मांडायची तो वर्षांचा. प्लास्टरचे उरलेले दोन आठवडेही शिकवणी चालली असती तर वन्सं वाचायला लागल्या असत्या. मग चिठ्ठ्या त्यांनीच वाचल्या असत्या. नाही, तो तर आधीच निघून गेला होता. पण दुसरा कुणी आला असता. टेबलाभोवती त्यांनी अडखळत का होईना, वाचलं असतं. लेकीचा परगावहून फोन आला तेव्हा वहिनीने तिला सगळं सांगून टाकलं. मग लेक म्हणाली, "आई, मला आठवतंय गं ते. मला वाटलं होतं मी आत्याला ढ म्हटलं म्हणून ती बसेनाशी झाली. मी कितीतरी दिवस मनाला लावून घेतलं होतं." म्हणजे त्या एका वाक्याने आणखी एकीलाही ओरखडा काढला होता, आणि वहिनीला त्याचा पत्ताही नव्हता.

तिसऱ्या महिन्यात वन्संचा फोन आला. स्वर रोजचा. एका मालिकेत आजीचं काम आलंय, चारच दिवसांचं. "येतेस का सोबत? गाडी पाठवताहेत."

वहिनी गेली. स्टुडिओ सगळा काचेचा झाला होता, ओळखीचं एक माणूस नाही. दिग्दर्शक पंचविशीची मुलगी होती, केस आखूड, पायात कॅनव्हासचे बूट. तिने पानं आणून दिली. वन्संनी ती घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाळ, मी नव्याने वाचायला शिकलेय. हळू वाचते. थांबावं लागेल."

मुलगी म्हणाली, "थांबू की आजी. घाई नाही. कुणी वाचून दाखवायला हवं असेल तर सांगा." आणि दुसऱ्या कामाला निघून गेली. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. दिवेवाले दिवे लावत राहिले.

इतकं सोपं होतं ते. चाळीस वर्षं दोघींनी जे छातीशी धरून लपवलं, ते सांगायला तीन वाक्यं लागली. जुन्या काळी इतकं सोपं नसतं झालं, वहिनीने स्वतःची समजूत घातली. पण मन मानेना. कदाचित त्या तिखट म्हाताऱ्यानेही 'बरं' एवढंच म्हटलं असतं. आता कुणाला विचारणार?

वन्सं कोपऱ्यात बसून बोटाने ओळी वाचत होत्या. वहिनी शेजारी खुर्चीवर. तिला काहीच काम नव्हतं. तिने दोनदा पाणी विचारलं, एकदा शाल. तिसऱ्यांदा वन्सं म्हणाल्या, "बस गं शांत." रागाने नाही म्हणाल्या. वहिनी बसली.

संध्याकाळी काम आटोपून दोघी फाटकाशी गाडीची वाट बघत उभ्या होत्या. वहिनीचे गुडघे बोलत होते. तिने शेवटी विचारलंच.

"वन्सं, माफ केलंत का मला?"

वन्संनी चेहऱ्यावरचा उरलेला रंग रुमालाने पुसला. "रोज करते," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर करते. मग दुपारी एखादी पाटी दिसते रस्त्यात, दुकानाची नाहीतर दवाखान्याची, ती वाचली जाते, आणि परत राग येतो. मग दुसऱ्या दिवशी परत करते." रुमालाची घडी करत त्या म्हणाल्या, "आता साठीला आणखी काय करणार? दुसरी वहिनी कुठून आणू?"

गाडी आली. वन्सं पुढे बसल्या, ड्रायव्हरच्या शेजारी, कारण त्यांना आता समोरचा रस्ता बघत जायचं असायचं. वहिनी मागे एकटी बसली. वाटेत उद्या किती वाजता निघायचं, एवढं ठरलं.